ओढ्याच्या अलीकडं

जतच्या तहसीलसमोर, लिंबाखाली
माझं टेबल, एक पाय विटेवर.
तेवीस वर्षं लोकांची रडगाणी
'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' करून देतोय.
मयतांची नावं माझ्या अक्षरात फार सुबक येतात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा शाळूची काढणी चालू होती.
पायात दोन वेगळ्या चपला,
खांद्याला युरियाच्या पोत्याची पिशवी,
पिशवीत कागद, कागदांवर भाकरी,
चटणीचं तेल थेट गटनंबरावर उतरलेलं.
नाव?
निंगव्वा.
नवऱ्याचं?
ती लिंबाकडं बघत राहिली.
मग कागद पुढं सरकवले:
ह्यात बघ की.

कागदात बघितलं.
ओढ्याच्या अलीकडं तीन एकर, सातबारा, मराठी:
अमगोंडा रायगोंडा.
ओढ्याच्या पलीकडं दोन एकर, पहाणी, कानडी:
अमोगसिद्द, बाप रायप्पा.
मृत्यूचा दाखला विजापूरच्या दवाखान्याचा,
म्हणजे वारला तो अमोगसिद्द.
अमगोंडा आमच्या दप्तरी ठणठणीत आहे.
गेल्या साली त्याला
शेतसाऱ्याची नोटीससुद्धा निघाली.

बाई, नवरा जिवंत असताना
वारसनोंद कशी धरायची?
शेजारच्या खिडकीत निराधारांचा पगार,
तिथंही तेच.
पलीकडच्या कचेरीत म्हणाले,
रेशनकार्ड तिकडचं, तिकडंच जा.
तिकडं म्हणजे इकडं.

दीर मात्र दोन्हीकडं पेरतो.
नांगराला ओढा आडवा येत नाही.

ती राहते बेदाण्याच्या शेडवर, ताडपत्रीच्या आडोशाला,
दिवसभर काड्या निवडते.
माझी फी म्हणून मूठभर बेदाणे आणते,
काळे पडलेले, मालकानं टाकून दिलेले.
मी ते टेबलाच्या खणात ठेवतो.
कार्बन पेपरला आता गोडसर वास येतो.

अकरा अर्ज झाले.
सातव्यात मी 'कै. अमगोंडा' लिहिलं होतं.
कारकुनानं लाल शाईनं
'कै.' तेवढा खोडला.
एवढ्या सहज कुणाला उठवून बसवलेलं
मी पहिल्यांदाच बघितलं.
तिला सांगितलं नाही. काय सांगणार?

मग सुनावणी लागली.
मंडल अधिकारी म्हणाले, बाई, नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा.
ती गप्प.
शिपाई म्हणाला, अव्वा, बोल की, सरकार विचारतंय.
दीर रुमालात हसला:
नावच ठाऊक नाही, साहेब, वाटा मागायला आली.
पंखा फिरत होता. फायलीतले कागद
उडू उडू करत होते.
तिनं पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली,
ओढ्याच्या अलीकडं, बोरीच्या झाडाखाली
पुरलाय त्याला. ह्याच भावानं माती लोटली.
चला की. उकरा.
जिता असला तर तोच सांगंल नाव.

दीराचा रुमाल तोंडावरच राहिला.
साहेबांनी बराच वेळ टोपण लावलं, काढलं,
आणि शेरा लिहिला:
स्थळपाहणी आवश्यक. पुढील तारीख एकोणीस.

बाहेर आलो तर साडेपाचची गाडी लागलेली.
ती पायरीवर चढली, परत उतरली,
टेबलाशी वाकून, कुणी ऐकत नाही असं बघून
एक नाव म्हणाली.
अमगोंडा नव्हे, अमोगसिद्दही नव्हे.
दोनच अक्षरं, त्याच्या आईनं ठेवलेली,
कुठल्याच राज्यात नोंद नसलेली.
म्हणाली, हे लिहू नगंस. तुला म्हणून सांगितलं.

बारावा अर्ज टेबलावर आहे.
गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा सगळं भरलंय:
पूर्वेस ओढा, दक्षिणेस सदर मयताची बोर.
नवऱ्याच्या नावापुढं
पेन्सिलीनं टिंबं टिंबं करून ठेवलीत.
एकोणीसला ती येईल.
आज अकरा आहे.