दोन दहाची उठवणी

माझं काम गाडी चालवायचं नव्हतं.
कोळसा मारायचं नव्हतं, झेंडी दाखवायचंही नव्हतं.
वांद्र्याच्या लोको शेडमध्ये मी कॉल-बॉय होतो,
वय सतरा; पण पन्नाशीचा असतो तरी बॉयच.
एक सायकल, एक कंदील,
आणि दोरीने पेन्सिल बांधलेलं कॉल-बुक.

बॉम्बे सेंट्रलहून पाच-पाचची सुरत पॅसेंजर.
टाइमटेबलात पाच-पाच.
खरी ती सुरू व्हायची आदल्या रात्री साडेदहाला,
भिवा चौकेकर थंड इंजिनाच्या पोटात
तेलात बुचकळलेल्या चिंध्या आणि जुन्या स्लीपरची फळकुटं सारायचा तेव्हा.
आधी नुसता धूर. मग पत्र्याची कुरकुर.
बारा-एकच्या सुमाराला कुठल्यातरी सांध्यातून एक थेंब,
आणि भिवा म्हणायचा, "घाम आला. आता जगतंय."
काटा हलला की फावड्यावर सुके बोंबील भाजायचा,
त्यातला एक माझा.
तो चघळत मी निघायचो.

चौतीस नंबर. गेनू धोत्रे, फायरमन.
एका खोलीत सात माणसं,
म्हणून पायाच्या अंगठ्याला सुतळी, टोक खिडकीबाहेर.
दोनदा ओढायची. तिसऱ्यांदा ओढली तर शिवी.
एकदा सुतळी मेव्हण्याच्या पायाला होती.
मेव्हणा निमूट उठला, सही केली, परत झोपला,
आणि गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली.
रजिस्टरात कारण लिहिलं: टाकीत पाणी कमी.

अकरा नंबर. एवरार्ड कुटिन्हो, ड्रायव्हर.
तीन टकटक. आतून आवाज, "किती?"
"पाच-पाच, साहेब."
"इंजिन?"
मी नंबर सांगायचो.
"आजूनपण तीच म्हातारी?" असं म्हणून तो खोकायचा,
खोकला संपला की दिवा लागायचा.
चार वर्षं, रविवार धरून, हेच.

मग बोर्डावर कागद लागला. उद्यापासून डिझेल.

त्या रात्री अकरा नंबरचं दार उघडंच.
कुटिन्हो खुर्चीत, इस्त्रीची निळी डांगरी,
बुटाच्या नाड्या बांधलेल्या, टोपी गुडघ्यावर.
मी पुस्तक पुढे केलं.
"आसा नाय रे. भायेर जा. दार लाव. मग ठोक."

मी बाहेर आलो. दार ओढलं.
आतला दिवा मालवला. खाटेच्या स्प्रिंगा वाजल्या.
माणसाला झोप लागायला किती वेळ द्यावा?
खाडीकडून वारा येत होता, एक कुत्रं माझ्या सायकलीचं चाक हुंगत होतं.
मी मनात साठ मोजले, आणि पुन्हा साठ.
तीन टकटक.
काही नाही.
परत तीन.
"किती?"
आवाज खरंच झोपेतला होता.
"पाच-पाच, साहेब."
"इंजिन?"
नंबर सांगताना माझी जीभ अडखळली.
म्हातारीबद्दल तो काही बोलला नाही. नुसताच खोकला.
सही अशी दाबून केली
की खालच्या दोन कोऱ्या पानांवर तिचा खळगा उमटला.

गाडी पाच-पाचला सुटली.
कारणाचा रकाना रिकामा.

दुसऱ्या रात्री डिझेलच्या नव्या ड्रायव्हरने
त्या खळग्यावरच सही केली, त्याला दिसलं नसावं.
पण त्याआधी, साडेदहाला, भिवा आलाच होता.
बदलीचा हुकूम खिशात, उद्यापासून पार्सल ऑफिस.
शेडमध्ये डिझेल एकटंच घरघरत उभं.
भिवाने त्याला एक फेरी मारली, हात मागे बांधून.
"हे झोपतच नाही," म्हणाला, "उठवायचं काय?"
मग शेडच्या पायरीवर बसून
माझ्या कंदिलाची काच वर केली
आणि एक बोंबील धरला ज्योतीवर.
एका बाजूने करपला, दुसरीकडून कच्चा.
अर्धा माझा.