खोटा इशारा

रात्रपाळीला अख्खा एस्टोनिया
माझ्या कानात दचकून उठतो.
परवा पार्नूच्या बेकरीत वाढदिवसाचा फुगा
छतावरून हळूहळू खाली आला,
सेन्सरला वाटलं, माणूस.
त्याच्या आदल्या रात्री कोळी.
भिंगावर त्याचे पाय दरोडेखोराएवढे.

सगळे एकच विचारतात, आता काय करू?
काही नाही. कोड दाबा.
चुकला तर श्वास घ्या, परत दाबा.
फोन वाजेल, तो उचला. शब्द सांगा.
शब्द जुळला की मी शुभ रात्री म्हणते
आणि एवढा मोठा आकांत
पडद्यावरच्या एका हिरव्या टिंबात मिटतो.

काल तीन वाजून अकरा मिनिटांनी, हापसालू.
एन्डेल रॅत्सेप, वय एक्याऐंशी.
स्टोव्हमध्ये ओंडका सारायला उठले
आणि आपल्याच घरात चोर ठरले.
"कोण आहे?" तेच मला विचारत होते.
मारिका, सुरक्षा केंद्र. परवलीचा शब्द सांगा.

"लेइडा."
मी गप्प.
"माझी बायको," ते म्हणाले, जणू ओळख करून देत.
नाही हो, हा नाही.
"मुरी." कुत्रा असावा.
"मग होडीचं नाव. काजाकास.
लाल होती. ब्याऐंशीत विकली,
विकायला नको होती."

तीनदाच विचारायचं, असा नियम.
शब्द माझ्यासमोर उघडा पडलेला,
त्यातलं पहिलं अक्षरही द्यायचं नाही,
खोकूनसुद्धा सुचवायचं नाही.
मी चौथ्यांदा विचारलं.
सायरनवर आवाज चढवत ते म्हणाले,
"बटाटे?"

गस्तीची गाडी पाठवली. पंचवीस युरो, बिलात.
मग यादीतला दुसरा नंबर. हेलसिंकी, मुलगी.
अलार्म तिनंच बसवून दिलेला, गेल्या शरदात,
शब्दही तिनंच निवडलेला.
पहिल्याच घंटेला उचलला.
"बरे आहेत ना?"
बरे आहेत. लाकूड घालायला उठले होते.
"शब्द नाही सांगितला त्यांनी?"
नाही.
पलीकडे कुणीतरी कूस बदलली, दिवा लागल्याचा आवाज.
"मग काय काय म्हणाले?"

नियमावलीत याचं उत्तर नाही.
सायरनमध्ये नीट ऐकू आलं नाही, त्रीनू,
मी म्हणाले,
आणि नाव घेताना जीभ अडखळली,
इतका वेळ पडद्यावर तेच वाचत होते.

चारला राइवोचा निरोप आला:
सायरन बंद, म्हातारा ठीक,
उलटा स्वेटर घालून दारात उभा होता.
मला बसवून उकडलेले बटाटे खाऊ घातले,
मीठ थोडं जास्त.

मी नोंद केली. खोटा इशारा.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, लाकूड.