थोरला

नोंदवहीचा कागद पिकल्या अंजिरासारखा,
कोपरा धरला की बोटाला चिकटून येतो.
जपून, मावशी, लुनिस म्हणतो.
नगरकचेरीत तो नवा आहे. खिडकीबाहेर जुर्जुराचा बर्फ,
हीटरवर त्याचे मोजे वाळत घातलेले.

फ्रेंच कारकुनाचं अक्षर देखणं, बाकदार.
आडनाव मात्र मोडून ठेवलंय,
त्याच्या जिभेला वळेना म्हणून.
मोक्रान, मुलगा. मार्च १९३१, तारीख अदमासे.
बापाला सही येत नाही. आईच्या वयापुढे नुसती रेघ.

हे माझे वडील.
चार भावंडांत शेंडेफळ, आणि नाव मोक्रान.
आमच्या कबाइलीत त्याचा अर्थ थोरला.
जेवताना यावर हमखास हसू व्हायचं,
तेही हसायचे, भाकरी तेलात बुडवत.

पान उलटते. वर्दिया, मुलगी, नोव्हेंबर १९३२.
आत्या.
जिने जन्मभर ऐकवलं,
तुझ्या बापाला मी पाठुंगळीला वागवलाय,
झऱ्यापर्यंत, केस ओढायचा मेला.

धाकटीने थोरल्याला?

बोटं मोजते. पुन्हा मोजते.
छत्तीस, सदतीस, अडतीस चाळते,
आमच्या घरचं बाळ कुठेच नाही.
मरणाच्या वहीतही नाही.

म्हणजे एक मोक्रान आधी होता.
गोवराने गेला असेल, किंवा थंडीने.
कुणाला कळवलं नसेल,
कचेरी सात तासांच्या उतारावर, आणि उशिराला दंड.
मग शेवटचा मुलगा झाला तेव्हा आजीने
पेटीतून तोच कागद काढला, झटकला
आणि बाळाला चढवला,
घरातला सदरा चढवावा तसा.

सदरा ढगळ होता.
कागदावर विसावं लागलं आणि वडील
सेंत-एतिएनच्या खाणीत उतरले.
मिसरूड फुटायचं होतं अजून.

त्यांना ठाऊक होतं का?
दर मार्चला मी केक आणायचे.
मेणबत्ती तूच विझव, म्हणायचे,
माझा दम खाणीत राहिला.

थडग्यावर १९३१ कोरलंय. तो आकडा ज्याचा,
त्याला दगड नाही.

दुरुस्तीचा अर्ज असतो, लुनिस सांगतो,
कोर्टात जावं लागेल, वर्ष-दीड वर्ष.
नको.
मग नुसती नक्कल? किती प्रती?
दोन.

शिक्क्याची शाई सुकलेली आहे.
तो त्यावर तोंडाची वाफ सोडतो,
एकदा,
आणि मग दुसऱ्या कागदासाठी पुन्हा.