पाणीगेटच्या बाजूनं

मांडवी बंद होती डागडुजीसाठी,
चारही कमानींना बांबूंच्या परांच्या.
हवालदार म्हणाला, "फरीने जाव, बेन."
मी स्कूटर वळवली.

पाठीवरच्या लॅपटॉपमध्ये यमुताई दिघ्यांचा मेंदू:
नव्वद ठिपके, मधल्या रेघा.
सयाजी हॉस्पिटलच्या मशीनमध्ये वीस मिनिटं
त्या डोळे मिटून पडल्या होत्या.
कसलाही विचार करू नका, असं सांगितलेलं.
बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ते... ते... लाइन... चालूच."

कोणते ठिपके एका तालात वर-खाली होतात
ते मोजायचं, रेघ ओढायची.
पण दोन झाडं सोबत डोलली म्हणून
मुळं गुंतलेली असतात असं नाही.
वारा तिसराच असू शकतो.
आणि किती ताल जुळला की रेघ, ते मीच ठरवते.
आकडा खाली घेतला की सगळ्यांची सगळ्यांशी सोयरीक,
वर नेला की एकेक ठिपका
घर सोडून गेल्यासारखा.

बहुतेकांचं येणं-जाणं पोळातल्या पोळात,
साखर मागायची ती समोरच्या दारी.
लांबच्या रेघा थोड्या, महागाच्या.
आणि मोजके ठिपके मांडवीसारखे,
कुठूनही कुठेही जायचं तर इथूनच.
अशाच एकापाशी, डाव्या कानाच्या वर,
गेल्या श्रावणात रक्त अडलं.

चौतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या,
नवसारी द्या, पेटलाद द्या, अर्जंट मुंबई द्या.
मी एकदा बोलून गेले:
जुन्या पुस्तकांत मेंदूला एक्स्चेंज म्हणायचे,
पण तसं नसतं हो,
आत कुणी ऑपरेटर बसलेली नसते.
त्यांनी असं पाहिलं,
जणू मी त्यांच्या पेन्शनचा कागद फाडला.

आज खिडकीच्या गजावर चिमणी बसली.
त्यांनी बोट दाखवलं.
"च... च..."
सून भांडी घासता घासता थांबली.
"चकली!"
सुनेनं डबा काढला, दिवाळीतल्या उरलेल्या दोन
बशीत घालून पुढे ठेवल्या.
यमुताईंनी कपाळावर हात मारला.
मी हसले, आणि हसता हसता उभीच राहिले:
गुजरातीत चिमणीला चकली म्हणतात.

शब्द घरून निघाला होता वेळेवरच.
मांडवीपाशी कुणीतरी म्हणालं, फरीने जाव,
आणि तो पाणीगेटच्या बाजूनं,
भाजीवालीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या,
चौतीस वर्षांच्या "हलो, कोनुं काम छे?"च्या
गल्ल्यांमधून
धापा टाकत पोचला होता.

मी लॅपटॉप उघडला, आकडा जरासा खाली घेतला,
चोरी केल्यासारखा.
एक बारीक रेघ दिसली. असेल. नसेलही.
एका चिमणीवर प्रबंध उभा राहत नाही.

यमुताईंनी चकलीचा तुकडा मोडून गजावर ठेवला.
चिमणी केव्हाच उडालेली.
त्या रिकाम्या गजाकडे बघत राहिल्या,
कानामागचे केस सारखे केले,
जिथे कधी हेडफोनची पट्टी असायची,
आणि एकदाही न अडखळता म्हणाल्या,
"होल्ड करा."