साडेसात अँपिअर

पोर्वेनिरचा वारा दाराशी थांबून हाक मारत नाही,
पत्र्याखालून सरळ आत येतो
आणि आधी स्क्रू पळवतो.
म्हणून नेलिदा ओयार्सून स्क्रू ठेवते
सार्डिनच्या रिकाम्या डब्यात, वर दाबाला पान्हा.

मोटरसायकल भावाची, बाल्दोमेरोची.
टाकी उतरवलेली, सीट भिंतीला टेकून उभी,
आणि सांगाड्यातून लोंबणाऱ्या तारा
उघड्यावर आल्याने शरमल्यासारख्या.

तिचं आयुष्य होड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं.
खारं पाणी तांबं कसं हिरवं करून खातं
हे तिला वासावरून कळतं.
तो बावीस हिवाळे खेकड्यांचे पिंजरे ओढत होता.
समुद्राने त्याची बोटं नेली नाहीत,
बोटांमधलं कळणं तेवढं नेलं.
आता खडीच्या रस्त्याने, कुंपणामागून कुंपण,
तो मेंढ्यांची औषधं पोचवतो.
सामुद्रधुनीपलीकडून बोटीने एक खोकं मागवलं त्याने:
हँडलला बसवायच्या गरम मुठी, एक जोडी.

आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची.
हे ती मोठ्याने म्हणते, ऐकायला कोणी नसलं तरी.
मग धन तारेवर फ्यूज, बॅटरीपासून वीतभर, जास्त नाही.
साडेसात अँपिअरचा, तपकिरी.
आपल्याकडे साडेसात म्हटलं की शनी आठवतो;
हा मात्र राखणदार.
काही बिनसलं तर पहिला जळायचा,
मुकाट्याने, बाकीच्यांना कळायच्या आत.
अशी माणसं मी घरात पाहिली आहेत.

रिलेला इशारा मागच्या दिव्याच्या तारेतून:
किल्ली फिरली तरच दार उघडायचं,
नाहीतर रात्रभर मुठी तापतील रिकाम्या अंगणात
आणि सकाळी बॅटरी गार.

राहिली काळी तार.
नेलिदा तिला म्हणते तिएरा, म्हणजे माती.
आमच्या गल्लीतला वायरमन म्हणायचा अर्थ.
काम दोघांचं तेच:
फ्रेमवरचा रंग खरवडायचा, लोखंड चमकेपर्यंत,
आणि तिथे बोल्ट आवळायचा.
रंगावर अर्थ लागत नाही.

हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत,
तार कुठे ताणली जात नाही ना.
उजव्या मुठीला एक वेढा जास्तीचा,
कारण ती फिरते,
आणि फिरणाऱ्याला थोडं सैल सोडावं लागतं.

किल्ली. टक. रिले बोलला.
"धर," ती म्हणाली.
त्याने धरल्या. वाट पाहिली.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा वाऱ्यावरच भुंकत होता.
"थंडच आहेत."
तिने मीटर लावला: बारा पूर्णांक चार.
तिने स्वतःचा तळवा ठेवला
आणि चटका बसून मागे घेतला.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
बॅटरीपासून मुठीपर्यंत सगळं पोचत होतं.
पुढची वीतभर तार तुटली होती,
आणि तिला डाग देता येत नव्हता.

नेलिदाने खालचा खण उपसला.
मोडीत गेलेल्या कुठल्याशा होडीच्या फलकावरचा
शर्टाच्या बटणाएवढा लाल दिवा निघाला.
वेगमापकाशेजारी भोक पाडलं, दोन तारा ओढल्या,
वर नळी चढवून लायटरने आवळली.
"हा पेटला की ऊब आहे.
कुंपणाचं फाटक आलं की बंद कर.
भाजलं तरी तुला कळणार नाही."
"आणि दिवा खोटं बोलला तर?"
"वायरिंग माझं आहे."

त्याने मुठीवरून हात काढला
आणि तिच्या कानावर ठेवला, टोपी सरकवून,
लहानपणी बर्फाचा गोळा ठेवायचा तसा.
"गरम?"
"गरम. आता सीट धर, वाकडी बसतेय."

डब्यात शेवटी एक स्क्रू उरला.
तिने तो वाऱ्याला दिला नाही,
खिशात टाकला.