एक डाग जादा

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या खोलीत
मी स्कॅनरच्या काचेवर पान पसरतो,
झाकण लावतो.
उजेडाची पट्टी सरकत जाते
शेंड्यापासून देठापर्यंत.

मग पडद्यावर : रंग काढून टाक, करड्या छटा ठेव.
उंबरठा एकशे अठ्ठावीसवर,
अलीकडे पान, पलीकडे रोग.
कडा शोध म्हटलं की प्रोग्राम
पुसट फरकावरही रेघ ओढून मोकळा.
रेघेचं आम्हाला नवल नाही, या भागात.

त्रेचाळीस डाग.
पुढच्या पानावर एकोणीस.
पुढच्यावर, निरोगी म्हणून आणलेल्या, एक.

चंद्रव्वा जुड्या न्यायला आली.
प्रतवारीत तिची तीस वर्षं गेली,
पान ती बोटांनी बघते, मग नाकानं.
पडद्यापुढं जरा थांबली.
"ह्यो देठाकडचा डाग
कालच्या पानावर बी हुता की."
असेल, म्हटलं.
"परवाच्या बी."

झाकण उचलून तिनं
अंगठ्यानं काच घासली.
चिकट्याचा ठिपका, मोहरीएवढा.

सहाशे बारा पानं.
प्रत्येकातून एक वजा,
सूत्र लिहून रकाना खाली ओढला की झालं.
पण नेमका तिथंच
एखाद्या पानाला खरा डाग असला तर?
कुठल्या पानाला विचारू?
जुड्या केव्हाच गेल्या, चुरा झाला,
कुणीतरी कुठल्यातरी स्टँडवर
धूरही सोडला असेल.

चंद्रव्वानं अंगठा हुंगला.
"माल मात्र चांगला हुता," म्हणाली.