बाटली गार असेपर्यंत

महिन्यातून एकदा, शाहूपुरीतल्या दवाखान्यात,
सिस्टर कुरणे फ्रीजमधली बाटली काढून टेबलावर ठेवतात.
गार असताना चढवायची नाही.
तेवढा अर्धा तास माझा.

हिंमत माझ्या ओढणीला गाठी मारत बसतो.
सहा वर्षांचा. चौदा किलो.
बारशाला आजोबांनी त्याच्या कपाळाला
तालमीतली लाल माती लावली होती,
ती आता लांबून बघायची.
गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, तेही लांबून.
"दुधानं कोण आजारी पडलंय आमच्यात?"
म्हणाले सासरे,
आणि त्याच्यासाठी घेतलेला पेला
पाठ फिरवून स्वतःच संपवला.

तीन न्यूमोनिया. वर्षभर वाहणारा कान.
कुणी दृष्ट काढली, कुणी माझा पायगुण.
मग पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी
टॉर्च मारून घशात बघितलं, बराच वेळ.
म्हणाल्या, याला टॉन्सिल्सच नाहीत.
जिथं पहारा बसायचा
तिथं नुसती गुळगुळीत भिंत.

रिपोर्टात लिहिलं होतं: आईकडून.
मला तर साधी सर्दीही दोन दिवस टिकत नाही.

रात्री कागलला फोन लावला.
आई, दिगू कशानं गेला गं?
दिगू माझ्या आधीचा. फोटो नाही त्याचा.
"ताप आल्ता," म्हणाली.
मग जरा थांबून, "माझा शुक्रवार मोडला हुता त्या आठवड्यात."
अडतीस वर्षं ती तो एक शुक्रवार फेडत होती.
उपासाचं नव्हतं गं ते, मी म्हणाले,
एका अक्षराची चूक होती, तुझ्यात, माझ्यात.
पलीकडं कितीतरी वेळ नुसता टीव्ही ऐकू येत राहिला.

"यात कुणाचं हाय?" हिंमत बाटलीकडं बोट करतो.
हजारो माणसांचं. ओळखीचं कुणीच नाही.
"एखादा पैलवान असंल न्हवं?"
असेल की.
तो दंड फुगवून बघतो. सुई टोचायची ती शीर
हळूच झाकून घेतो.

गार्गी कोपऱ्यात भूगोलाचं पुस्तक उघडून बसलीय,
पान मघापासून तेच.
आठवीतली पोर. रिपोर्ट तिनं वाचलाय, मला माहीत आहे.
"माझंपण बघायचं का, आई?"
तुझं तू ठरव. मोठी झालीस की.
एवढंच सुचलं मला.

सिस्टर येतात, बाटलीला हाताची मागची बाजू लावतात,
बाळाचं दूध बघावं तशी.
म्हणतात, अजून जरा.